नडगी दुखते म्हणून बूट बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे वय ३६, राहणे ठाण्यात, काम बैठे. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी पळायला सुरुवात केली. सात आठवड्यांत मजल आठवड्यातून पाच दिवसांवर गेली : एरवी उपवन तलावाच्या परिसरात चार-पाच किलोमीटर, रविवारी येऊरचा चढ आणि उतार. गेले पंधरा दिवस दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, दुखते; डावीकडे जास्त. पळायला लागल्यावर पहिली दहा मिनिटे दुखते, मग विसर पडतो, आणि घरी येऊन बसल्यावर पुन्हा ठणकू लागते. बुटांच्या दुकानात पायाचा ठसा घेऊन ‘तुमचे तळपाय सपाट आहेत’ असे सांगण्यात आले आणि साडेअकरा हजारांचे ‘स्टॅबिलिटी’ बूट, म्हणजे पाऊल आत कलू नये म्हणून आधार देणारे, सुचवण्यात आले. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधील दहा किलोमीटरची शर्यत आहे. हे बूट घ्यावेत का, आणि तोवर गोळी घेऊन पळत राहिले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी दोन्हींची सरळ उत्तरे देते. वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. बूट बदलायला हरकत नाही, मात्र सपाट तळपायांच्या नावाखाली नको, आणि बूट बदलले की नडगी दुखायची थांबेल या भरवशावर तर मुळीच नको. दुखण्याचे कारण तुम्ही स्वतःच लिहून पाठवले आहे. बुटांचा विषय काढण्यापूर्वीच्या दोन ओळींत ते आले आहे. सात आठवड्यांत शून्यावरून आठवड्याला पंचवीसेक किलोमीटर, आणि त्यावर येऊरचा उतार.

नडगीच्या आतल्या कडेला पसरून होणाऱ्या या दुखण्याला धावपटू ‘शिन स्प्लिंट्स’ म्हणतात आणि डॉक्टर कागदावर ‘मेडिअल टिबिअल स्ट्रेस सिंड्रोम’ असे लिहितात. पळताना पाऊल जमिनीवर असते तेवढ्या क्षणात नडगीचे हाड किंचित वाकते आणि पाऊल उचलताच पुन्हा सरळ होते. पोटरीतील सोलिअस हा आतल्या थराचा स्नायू त्या वेळी शरीराच्या वजनाच्या सुमारे सहा ते आठ पट जोर लावत असतो, आणि तो जोर पेलण्याचे काम शेवटी हाडाकडेच येते. हाड हे निर्जीव खांबासारखे नसते. नव्या भाराची दखल घेऊन ते स्वतःची दुरुस्ती काढते. आधी एका प्रकारच्या पेशी थकलेला भाग खरवडून काढतात, मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड रचतात. गोम अशी की खरवडण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत उरकते, पण रचण्याच्या कामाला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात तो भाग आधीपेक्षा कच्चा असतो. रस्ता खणून झाला आहे, डांबर पडायचे आहे आणि वाहतूक मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे, अशी अवस्था. ठाणेकरांना हे अधिक समजावून सांगायला नको.

याउलट दम फार लवकर सुधारतो. नवशिक्याला तीन-चार आठवड्यांतच फरक जाणवतो. पूर्वी एका किलोमीटरला धाप लागायची, तो आता तीन किलोमीटर गप्पा मारत पळतो आणि साहजिकच पाच किलोमीटर पळू लागतो. नडगीचे दुखणे पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान इतक्या नेमाने का येते, याचे उत्तर दम आणि हाड यांच्या या वेगवेगळ्या चालींत आहे. तुम्ही कळवलेले नाही, पण तुमच्या सात आठवड्यांत नवरात्र येऊन गेले. गरब्याला गेला असाल, तर त्या रात्रींचा हिशेब पळण्यातच धरा. कडक फरशीवर, बहुधा अनवाणी, तीन-तीन तास उड्या मारल्या की नडगीवर जो भार येतो, तो घड्याळातील ॲपमध्ये कोठेच नोंदला जात नाही. पुण्यात माझ्याकडे दरवर्षी ऑगस्टमध्ये ढोल-ताशा पथकांतील मुले-मुली नेमके हेच दुखणे घेऊन येतात, आणि त्यांतील अनेकांनी तर आयुष्यात एक किलोमीटरही पळून पाहिलेले नसते.

आता एक तपासणी घरीच करून पाहा. खुर्चीवर बसून डाव्या पायाचा घोटा उजव्या मांडीवर ठेवा. घोट्याच्या आतल्या बाजूचे टेकाड सापडले की तेथून गुडघ्याकडे सरकत जा. समोर नडगीचा सपाट, थेट कातडीखालचा भाग लागेल. त्याच्या मागच्या कडेवर, जेथे हाड संपून पोटरीचे मांस सुरू होते, तेथे अंगठा टेकवा आणि नख पांढरे होईल इतका दाब देत एकेक बोट वर चढा. दुखरा भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, तेथे बॉलपेनने खुणा करा. दोन खुणांमधील अंतर चार बोटे किंवा अधिक असेल, म्हणजे पाच सेंटिमीटरांपेक्षा जास्त लांबीची कड सगळीकडे थोडीथोडी दुखत असेल, तर ते बहुधा साधे शिन स्प्लिंट्स. पण कडेचा बाकी भाग शांत आणि एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दाबताक्षणी पाय आपोआप मागे ओढला जात असेल, तर हाडाला बारीक तडा जाण्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायलाच हवी. नुसते चालतानाही दुखणे, रात्री अंथरुणात ठणकणे, पळताना विसर पडण्याऐवजी पावलागणिक वाढत जाणे आणि एका पायाने लंगडणे या त्याच्या बाकीच्या खुणा आहेत. दुखरी जागा नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर, मधोमध असेल, तर अधिकच सावध राहावे, कारण तेथील तडा भरायला कुचराई करतो आणि क्वचित पूर्ण मोडतो. अशा वेळी पळणे त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये असा तडा बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शंका कायम असेल तर एमआरआय करावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. पळायला लागल्यावर ठरावीक मिनिटांनी पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू ताठ होते, पायाला मुंग्या येतात आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे ओसरते, असे होत असेल तर तो स्नायूंच्या कप्प्यात वाढणाऱ्या दाबाचा वेगळा विकार असू शकतो. आणि पळण्याशी संबंध नसताना एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यावर मालीश तर चुकूनही करू नये.

स्ट्रेस फ्रॅक्चरची इतकी फोड करण्याचे कारण पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर पळायचे असते. वर्षभर अभ्यासिकेत बसलेला मुलगा जाहिरात निघाली की पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर, पायात कॅनव्हासचे बूट घालून, रोज जीव तोडून पळू लागतो. सहाव्या आठवड्यात नडगी दुखते. मित्र सांगतात, ‘सवय होईल, दाबून पळ.’ असाच एक मुलगा दुखरी जागा एका बोटाने दाखवत माझ्यासमोर बसला होता. एक्स-रे स्वच्छ होता. एमआरआयमध्ये तडा निघाला आणि मैदानी चाचणी अठरा दिवसांवर आली होती. त्याला ‘पळू नकोस’ असे सांगणे हे मी आजवर केलेल्या अवघड कामांपैकी एक होते. मीही शिकत असताना एका शर्यतीच्या हट्टापायी गोळ्या घेऊन पळाले होते आणि पुढचे अडीच महिने कुबड्या व विनोद दोन्ही सहन केले होते, त्यामुळे गोळीबद्दलचे माझे मत थोडे कडक आहे, हे मान्य करते. तरी कारण वैद्यकीयच आहे : दुखणे हा तुमच्याकडे असलेला एकमेव मीटर आहे आणि गोळी नेमका तोच बंद करते. रात्री ठणका लागून झोप येत नाही म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादी गोळी घेणे वेगळे. पळण्यापूर्वी घेणे वेगळे.

तुमचे वर्णन पसरलेल्या दुखण्याचे वाटते, म्हणून पुढचे सगळे ते गृहीत धरून लिहिते. आत्ता पळणे थांबवा, पण पाय गादीवर ठेवून बसू नका. हाडाला पूर्ण विश्रांतीही मानवत नाही. सपाट रस्त्यावर चालणे, सायकल, पोहणे हे सगळे दुखत नसेल तेवढे करा. दम त्यावर शाबूत राहतो. बर्फाने दहा-पंधरा मिनिटे बरे वाटते, जरूर लावा; आंबेहळदीच्या लेपानेही कोणाचे वाईट झालेले नाही. पण हाडाची दुरुस्ती या दोन्हींनी लवकर होत नाही. तेल लावून नडगीची कड अंगठ्याने रगडून घेण्याची मात्र पद्धत आहे, ती सोडा. दुखावलेल्या कडेला दाबून चोळल्याने ती आणखी हुळहुळी होते. चोळायचेच असेल तर पोटरीचे मांस चोळा.

अर्धा तास भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखले नाही, आणि अंगठ्याच्या दाबाला कड पूर्वीइतकी बोलत नाही, असे सलग चार-पाच दिवस झाले की पळायला परत सुरुवात करता येते. याला कोणाला दहा दिवस लागतात, कोणाला पाच आठवडे. सुरुवात एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे अशा दहा फेऱ्यांनी, एक दिवसाआड करावी. तीन वेळा हे बिनबोभाट पार पडले तर दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे. मग तीनास एक, मग पाचास एक. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे तर पळताना दोनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना काही जाणवले नाही, तर त्याच पायरीवर राहा. त्याहून अधिक दुखले तर एक पायरी खाली या. वेग सहा आठवडे तरी वाढवायचा नाही. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, हाच वेग.

‘आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवू नका’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. तो वाईट नाही, पण त्याला मंत्र समजू नये. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवशिक्या धावपटूंच्या एका गटाला या नियमाने तेरा आठवड्यांचा आणि दुसऱ्याला नेहमीचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता. २००८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, साधारण पाचात एक, निघाले. टक्क्यांपेक्षा मला दिवसांची रचना महत्त्वाची वाटते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की काही डझन धक्क्यांनंतर हाडाच्या पेशी नव्या धक्क्यांना दाद देणे कमी करतात आणि कित्येक तासांच्या विसाव्यानंतर पुन्हा संवेदनशील होतात. म्हणून नवशिक्याने रविवारी एकदम नऊ किलोमीटर पळण्यापेक्षा तीन-तीन किलोमीटर तीन वेगवेगळ्या दिवशी पळणे हाडाच्या दृष्टीने शहाणपणाचे. येऊर तर सध्या सोडूनच द्या. चढ जपून चढला तर फारसे बिघडत नाही, उतरताना मात्र प्रत्येक पावलाचा धक्का वाढतो. डांबर, काँक्रीट आणि माती यांचा जेवढा बाऊ केला जातो तेवढा फरक त्यांत नाही, कारण पृष्ठभाग कडक झाला की शरीर गुडघा-घोट्याचा ताठपणा आपोआप बदलून घेते. अचानक बदल आणि रस्त्याच्या एकाच कडेने, उतरत्या बाजूवर रोज पळणे हे जास्त त्रासदायक. तुमची डावी नडगी अधिक दुखते, त्यामुळे नेहमी कोणत्या बाजूने पळता हे एकदा आठवून पाहा.

पावलांचाही विचार करा. अर्धा मिनिट पळताना उजवे पाऊल किती वेळा टेकते ते मोजा आणि चारने गुणा; ही झाली मिनिटाला पडणारी पावले. नवशिक्यांत हा आकडा बरेचदा दीडशेच्या वरखाली येतो, म्हणजे पाऊल लांब पडते आणि टाच शरीराच्या बरीच पुढे आदळते. वेग तोच ठेवून हा आकडा पाच टक्क्यांनी वाढवा. १५६ असेल तर १६४ पुरे. एकशे ऐंशी हा सर्वांसाठीचा आकडा आहे, हा गैरसमज आहे. आणि चवड्यावर पळण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारा. त्याने भार गुडघ्यावरून उचलून पोटरीवर आणि पर्यायाने नडगीवरच येतो.

व्यायाम दोनच सांगते, पण ते खरोखर करा. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभे राहून टाचा सावकाश वर, सावकाश खाली : एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा गुडघे थोडे वाकवून. दुसरा प्रकार त्या सोलिअससाठी आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. दोन्ही पायांवर पंधराचे तीन संच एक दिवसाआड; जमू लागले की एका पायावर, आणि मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून. एका पायावर सलग पंचवीस वेळा टाच उचलता येईल तेव्हा पोटरी पळण्याजोगी झाली, असे मी समजते. पळायला आलेल्या पंचेचाळिशीच्या आतल्या माणसांपैकी अनेकांची पहिल्या दिवशी बारा-चौदावर दमछाक होते, त्यामुळे लाजू नका.

खाण्याविषयी थोडक्यात, पण टाळता येणार नाही असे. पहाटे अंधारात पळून दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता अगदी सर्रास सापडते. रक्ताची तपासणी करून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेवढेच घ्या. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. दूध, ताक, तीळ आहेतच. वजन उतरवण्यासाठी पळता-पळता जेवणही निम्मे केले असेल तर ते हाडाच्या मुळावर येते. पाळी अनियमित झाली असेल किंवा चुकत असेल, तर तो पळण्याचा स्वाभाविक परिणाम मानू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मला किंवा तुमच्या फिजिओथेरपिस्टलाही सांगा, कारण मग तपासाची दिशाच बदलते.

आता बूट. ओल्या पायाचा ठसा पाहून कमान उंच की सपाट हे ठरवायचे आणि त्यावरून न्यूट्रल (जादा आधार नसलेला), स्टॅबिलिटी (थोड्या आधाराचा) किंवा मोशन कंट्रोल (भक्कम आधाराचा) असा बूट नेमून द्यायचा, ही पद्धत अनेक वर्षे सर्वत्र चालत आली आहे. ती ऐकायला इतकी तर्कशुद्ध वाटते की तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही. अमेरिकेच्या लष्कराने ती तपासली. भूदल, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांच्या नव्या जवानांना दोन गटांत विभागले. एकाला पायाच्या ठशानुसार बूट दिले आणि दुसऱ्याला ठसा न बघता सर्वांना एकाच प्रकारचे. दुखापतींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. पाऊल टेकल्यावर आत कलणे, ज्याला प्रोनेशन म्हणतात, हा दोष नाही. धक्का पचवण्याची ती पायाची स्वतःची रीत आहे. अर्थात बाजू एकतर्फी नाही. पाय बराच आत कलणाऱ्यांना नडगीचे हे दुखणे थोडे अधिक होते, असे दिसून आले आहे, आणि लक्झेंबर्गमधील एका चाचणीत अशा पायांच्या धावपटूंना आधाराच्या बुटांचा लाभही झाला होता. म्हणून ते साडेअकरा हजारांचे बूट ‘चूक’ आहेत असे मी म्हणणार नाही. तुमच्या पायाला तेच सर्वांत सुखद वाटले, तर घ्या. केवळ ठशावरून घेऊ नका.

मग निकष कोणता? पायाला बरे वाटणे. हे ऐकून लोक निराश होतात, पण धावण्याच्या यंत्रशास्त्रावर कॅल्गरी विद्यापीठात आयुष्य घालवलेले बेनो निग हेही शेवटी याच मुद्द्यावर येऊन थांबले. बरे वाटते की नाही हे मात्र नीट पाहावे लागते. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय किंचित सुजून मोठे होतात. पळताना घालता तेच मोजे न्या. तीन वेगवेगळे जोड मागवा आणि किंमत न विचारता घालून पाहा. शक्य असेल तर एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी; अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते, तेव्हा तेच धरा. चवड्याची रुंदी कापडाला बाहेर ढकलत नाही ना, टाच वर-खाली होत नाही ना, हे पाहा. मग दुकानाबाहेर दोन-तीन मिनिटे पळून बघा. चांगले दुकान नाही म्हणत नाही. ‘चावतोय, पण वापरून सैल होईल’ हे चपलेला लागू असेल, पळण्याच्या बुटाला नाही. आपल्याकडे लहानपणापासून चपला घालून किंवा अनवाणी वावरलेले पाय पुढे पसरट असतात, आणि बायकांच्या बुटांची साधी रुंदी पुरुषांच्या बुटांपेक्षा कमी असते. चवडा दाबला जात असेल तर ‘वाइड’ मागा, आणि तो नसेल तर पुरुषांच्या विभागातील तुमच्या मापाचा जोड खुशाल घालून पाहा. रंगाशी पायाला देणेघेणे नाही.

नडगी दुखत असताना काही गोष्टी मुद्दाम टाळाव्यात. टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक, म्हणजे ड्रॉप, पारंपरिक बुटांत आठ ते बारा मिलिमीटर असतो. शून्य किंवा चार मिलिमीटरचे बूट पोटरीवर भार वाढवतात, ते सध्या नकोत. अगदी पातळ तळाचे, अनवाणी पळल्यासारखे वाटावे म्हणून बनवलेले बूटही नकोत. कार्बन पट्टीचे शर्यतीचे बूट तर नवशिक्याने बघूही नयेत. थोडा मऊ, जाड तळ बरा. लक्झेंबर्गमध्येच कडक आणि मऊ तळाची तुलना झाली, तेव्हा मऊ तळाच्या बाजूने कौल मिळाला होता. फरक चमत्काराएवढा नव्हता, पण होता. बॅडमिंटन किंवा जिमचे बूट पळायला वापरू नयेत. आणि फुटपाथवरचे ‘फर्स्ट कॉपी’ घेऊ नका; वरून हुबेहूब दिसणाऱ्या त्या बुटाची टाच अंगठ्याने दाबून पाहा, तळ विटेसारखा लागतो. त्यापेक्षा अ‍ॅसिक्स, न्यू बॅलन्स किंवा डेकॅथलॉनच्या किप्रनचा तीन ते सहा हजारांतला, गेल्या वर्षीच्या मॉडेलचा खरा जोड केव्हाही सरस.

सध्याचा तुमचा जोडही टेबलावर ठेवून मागून पाहा. दोन्ही टाचा सरळ उभ्या आहेत की एक आत झुकली आहे? तळाच्या फोममध्ये आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या आहेत का? पाच-सातशे किलोमीटर झाले, किंवा तो कपाटात चार वर्षे पडून मग पायात आला असेल, तर त्याला बाजारहाटाला ठेवा. जमल्यास दोन जोड आलटून पालटून वापरा. पावसाळ्यात तर त्यावाचून गत्यंतर नसते. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. फ्रिजच्या मागे किंवा भर उन्हात ठेवले की चिकटवलेला तळ सुटतो.

राहिली जानेवारीची शर्यत. ती तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तुमच्या हातात तेरा आठवडे आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पळणे आणि एक मिनिट चालणे असे चाळीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा, न दुखता होत असेल, तर दहा किलोमीटर त्याच पद्धतीने, चालण्याचे टप्पे न सोडता, आरामात पूर्ण होतील. तोवर तेथे पोहोचला नसाल, तर शर्यतीचा क्रमांक घेऊन या, टी-शर्ट घ्या आणि त्या सकाळी कठड्याशी उभ्या राहून इतरांना पाणी द्या. आज रात्री मात्र ती अंगठ्याची तपासणी करून बॉलपेनच्या दोन खुणांमधील अंतर, दोन्ही पायांचे वेगवेगळे, मोजून मला कळवा. डावीकडचे दोन बोटांपेक्षा कमी निघाले, तर वरचे वेळापत्रक सुरू करण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.